हार्फबझ: पडद्यावरचं जोडाक्षर कोणाच्या ताब्यात?

‘मूर्ती’ टाइप करताना र आधी येतो आणि त नंतर. पडद्यावर मात्र तो र रफार होऊन ‘ती’च्या डोक्यावर बसतो. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी साठवलेल्या मजकुरात थ च्या मागे असते, पण दिसते सगळ्यांच्या पुढे, अगदी अर्ध्या स च्याही अलीकडे. ‘तऱ्हा’मधल्या र ची तर तऱ्हाच वेगळी. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, क्रमाने साठवलेल्या चिन्हांसाठी फाँटमधला कुठला आकार उचलायचा आणि तो कुठे ठेवायचा, हे ठरवणाऱ्या कोडला शेपिंग इंजिन म्हणतात. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप, जावा आणि टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या कुळातला झीटेक यांचे मालक वेगळे, लायसन्स वेगळी, कामाच्या रीती वेगळ्या. तरी हा निर्णय घ्यायची वेळ आली की ही सगळी मंडळी एकाच लायब्ररीचा, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडचा, दरवाजा ठोठावतात. ती म्हणजे हार्फबझ.

इतक्या प्रकल्पांचा भार ज्या कोडवर आहे त्याचा कारभार कोण आणि कसा पाहतं, हा या प्रकरणाचा विषय. एखादी संस्था, संचालक मंडळ, घटना आणि मतदान शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. कारभार झाला तो लायसन्समध्ये, एका वचनात आणि चाचण्यांच्या ढिगात.

एका कोडच्या दोन प्रती

सुरुवात फ्रीटाइपपासून करावी लागते. फाँटच्या फाइलमधून अक्षराचा आकार काढून देणारी ही मुक्त लायब्ररी. तिच्या पहिल्या पिढीत ओपनटाइप या फाँटच्या प्रमाण स्वरूपातल्या तक्त्यांवरून जोडाक्षरं जुळवणारा कोडही होता. दुसऱ्या पिढीत तो वगळला गेला, कारण ते फ्रीटाइपचं काम नाही असं ठरलं. निर्णय रास्तच होता, पण त्यामुळे तो कोड बेवारस झाला. ग्नोमच्या बाजूने पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने त्याची एक प्रत घेतली, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या पायाशी असलेल्या क्यूटीने दुसरी. दोन्ही प्रतींमध्ये आपापल्या दुरुस्त्या होत गेल्या. ओपनऑफिस आणि जावा तिसऱ्याच वाटेने, म्हणजे आयसीयू नावाच्या लायब्ररीतलं लेआउट इंजिन वापरून चालले होते. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं यूनिस्क्राइब, मॅकवर ॲपलची स्वतःची यंत्रणा.

परिणाम असा की एकाच लिनक्स यंत्रावर, एकाच फाँटमध्ये, एकच मराठी परिच्छेद दोन प्रोग्रॅममध्ये दोन प्रकारे दिसू शकायचा. रफार कुठे चुकतो, वेलांटी कुठे घसरते, हे प्रोग्रॅमवर अवलंबून. पँगोमध्ये एक बग सुटला तरी क्यूटीत तो तसाच. फाँट बनवणाऱ्याला सगळीकडे तपासून बघावं लागे, आणि एका इंजिनासाठी केलेली तडजोड दुसऱ्यात नडायची. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या लोहित फाँटांसारख्या प्रकल्पांसाठी हा रोजचा प्रश्न होता: दोष फाँटचा की इंजिनाचा?

आधी लायसन्स

२००६ च्या सुमारास पँगो आणि क्यूटीकडच्या लोकांनी या दोन प्रती एकत्र आणायचं ठरवलं. पँगोचं काम तेव्हा बेहदाद एस्फाहबोद यांच्याकडे आलं होतं आणि क्यूटीच्या बाजूला लार्स नॉल होते. सामायिक कोड फ्रीडेस्कटॉप या तटस्थ अंगणात ठेवला गेला. ग्नोम किंवा केडीई यांपैकी कोणा एकाच्या घरात तो ठेवला असता तर दुसऱ्याला पाहुणा होऊन राहावं लागलं असतं, आणि त्या काळातलं दोन्ही डेस्कटॉपमधलं वातावरण ज्यांना आठवतं त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही.

खरा अडथळा कायद्याचा होता. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या तुकड्यांवर वेगवेगळी लायसन्स होती. जीपीएल, म्हणजे घेणाऱ्यालाही आपला कोड त्याच अटींवर खुला करायला लावणारं लायसन्स, असलेला तुकडा आत राहिला तर काही प्रकल्प ती लायब्ररी घेऊच शकत नाहीत. म्हणून ज्यांचा ज्यांचा कोड आत होता त्यांची संमती मिळवून जानेवारी २००८ मध्ये सगळं एका सैल, जुन्या धाटणीच्या एमआयटी लायसन्सखाली आणलं गेलं. आजही लायब्ररीच्या लायसन्सच्या फाइलमध्ये या बदलाची नोंद वाचायला मिळते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा धोरणात्मक निर्णय हाच. पुढे मोझिला, गूगल, ओरॅकल आणि अडोबी यांच्यासारख्या कंपन्यांच्या वकिलांना त्यात आक्षेप घेण्यासारखं काही उरलं नाही. कॉपीलेफ्ट, म्हणजे हीच खुलेपणाची अट, सोडल्याचं दुःख कुणाला झालं असेल तर ते समजू शकतो. पण प्रत्येक प्रकल्पाने आपल्या लायसन्सचा हट्ट धरला असता तर वेगळी इंजिनं वेगळीच राहिली असती.

मात्र पहिलं एकत्रीकरण फसलं, निदान अर्धं तरी. कोड एका जागी आला, पण त्याला स्थिर एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी लायब्ररीला हाक मारायची ठरलेली रीत, नव्हता आणि रीतसर आवृत्त्या निघत नव्हत्या. मग क्यूटी, अँड्रॉइड आणि लिनक्सवरचं क्रोम यांनी तो उचलून आपापल्या कोडच्या झाडात चिकटवला आणि तिथे त्यात बदल करायला सुरुवात केली. एक रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची एक जागा, असणं आणि एक लायब्ररी असणं यांत किती अंतर आहे, ते इथे दिसलं.

पुन्हा पहिल्यापासून

एस्फाहबोद यांनी कोड नव्याने लिहायला घेतला. काही काळ त्याला हार्फबझ-एनजी म्हणत. आज हार्फबझ म्हणतात ते हेच. या नव्या मांडणीतले तांत्रिक निर्णय मला कारभाराचे निर्णय वाटतात, कारण त्यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्र प्रत ठेवण्याचं एकेक कारण काढून घेतो.

लायब्ररी ओळ तोडत नाही, उजवीकडून डावीकडच्या लिप्यांचा क्रम लावत नाही, फाँट निवडत नाही आणि चित्रही काढत नाही. एक फाँट, एक लिपी, एक भाषा आणि मजकुराचा एक सलग तुकडा द्या. ती आकारांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा परत देते. बस्स. अक्षराची रुंदी किती हे ती हवं तर तुमच्याच फंक्शनला विचारते. त्यामुळे फ्रीटाइप वापरणारा प्रकल्प आणि न वापरणारा प्रकल्प दोघंही तिच्याशी बोलू शकतात. आतून सी++, पण बाहेरचा दरवाजा साध्या सीचा. सी++ ची प्रमाण लायब्ररी सोबत बाळगावी लागत नाही. एकाच वेळी अनेक थ्रेडमधून वापरता येते. फाँटची फाइल विश्वासाची नाही असं गृहीत धरून प्रत्येक तक्ता वापरण्याआधी तपासला जातो. ब्राउझरवाल्यांना हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण वेबवरचा फाँट म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल.

मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४ ने हा नवा कोड घेतला, तोही आधी लॅटिनसारख्या सोप्या लिप्यांसाठी. भारतीय लिप्या तेव्हा यंत्रणेच्या जुन्या इंजिनांवरच सोपवलेल्या होत्या. मोझिलातले जोनाथन क्यू हे मूळचे झीटेकचे कर्ते; त्यांच्यामुळे ब्राउझर आणि अक्षरजुळणी या दोन दुनियांचा अनुभव एका जागी आला.

बरोबर कोण?

भारतीय लिप्यांच्या कामात प्रश्न तंत्राचा कमी आणि अधिकाराचा जास्त होता. ‘हे जोडाक्षर असं दिसायला हवं’ असं पँगोचा माणूस म्हणतो, क्यूटीचा दुसरं सांगतो, फाँट बनवणारा तिसरं आणि शाळामास्तर चौथं. ओपनटाइपचे मायक्रोसॉफ्टने लिहिलेले नियम होते, पण त्यात मोकळ्या जागा बऱ्याच. त्यातून देवनागरीसाठी दोन नियमावल्या होत्या, जुनी ‘देव’ खुणेची आणि नवी ‘देव२’ खुणेची. फाँट आपण कुठल्या नियमावलीने बनलो हे त्या खुणेवरून सांगतो, आणि दोन्हींमध्ये हलन्त चिन्ह कोणत्या क्रमाने येणार हेच वेगळं. बाजारात दोन्ही तऱ्हांचे फाँट होते, म्हणून इंजिनाला दोन्ही निभावणं भाग होतं.

हार्फबझने वादावर तोडगा काढला तो असा: निकाल आपण द्यायचाच नाही. वेगवेगळ्या भाषांच्या विकिपीडियांमधून शब्द गोळा केले. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द झाले. तेच शब्द, तोच फाँट एकदा हार्फबझला आणि एकदा विंडोजच्या यूनिस्क्राइबला द्यायचा. उत्तर वेगळं आलं की ते आपलं अपयश. बदल नोंदवताना एस्फाहबोद संदेशातच लिपीवार आकडे लिहीत: इतके शब्द जुळले, इतके नाही. देवनागरीत न जुळणारे शब्द शेवटी अगदी मोजके उरले.

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने मायक्रोसॉफ्टच्या बंद इंजिनाला परीक्षक नेमलं, हे काहींना लागण्यासारखं होतं. पण व्यवहार बघा. भारतीय भाषांचे जवळपास सगळे फाँट विंडोजवर तपासून बाहेर पडलेले. यूनिस्क्राइब एखादी गोष्ट चुकीची करत असेल तर फाँटकारांनी त्या चुकीला धरूनच आकार बसवलेले. तिथे शुद्ध वागणं म्हणजे वाचणाऱ्याला तुटकी अक्षरं दाखवणं. तरीही काही ठिकाणी हार्फबझने यूनिस्क्राइबची चूक उचलायला नकार दिला आणि ज्याला ती चूकही हुबेहूब हवी असेल त्याच्यासाठी वेगळा पर्याय ठेवला. त्याचं नावच ‘यूनिस्क्राइब-बग-कंपॅटिबल’. या नावाचं मला अजून हसू येतं, पण त्यात प्रामाणिकपणा आहे.

दुसरा फायदा असा की वाद माणसांमध्ये राहिला नाही. ज्याला बदल हवा त्याने चाचणी द्यायची.

मराठीच्या वाट्याला काय आलं

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. दुसऱ्या शब्दातला तो आडवा, भुवईसारखा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक. हार्फबझच्या भारतीय लिप्यांच्या भागात या दोन्ही वाटा सांभाळल्या आहेत. एकदा तिथे सांभाळल्यामुळे ब्राउझर, ऑफिस आणि मोबाइलने तो नियम वेगवेगळा शिकायची गरज पडत नाही. श आणि ल यांच्या मराठी वळणाचंही तसंच. काही फाँटांमध्ये मराठीसाठी वेगळे आकार असतात, पण ते निवडायचे तर मजकूर मराठी आहे हे लायब्ररीला कोणीतरी सांगावं लागतं. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेलीच नसेल तर लायब्ररीचा काय दोष? आपल्याकडच्या कितीतरी संकेतस्थळांवर ही एक ओळ नसते.

आता उलट बाजू. ‘ॲप’मधला ॲ. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येकांनी अ टाइप करून त्यावर चंद्र दिला. डोळ्यांना फरक नाही. युनिकोड मात्र सांगतं की अ आणि चंद्र अशी जोडी वापरू नका, स्वतंत्र अक्षर वापरा. त्यामागे कारण आहे: एकच दिसणारी दोन लेखनं असली की शोध चुकतो आणि फसवी नावं बनवता येतात. अशा निषिद्ध स्वरजोड्यांचा तक्ता पुढे हार्फबझमध्ये आला. तेव्हापासून अ नंतर चंद्र दिसला की लायब्ररी मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घालते.

म्हणजे जुन्या मजकुरातले ‘ॲडव्होकेट’ आणि ‘ॲसिड’ काल ठीक दिसत होते ते एका अपडेटनंतर विस्कटलेले दिसू शकतात. लेखकाने काही बदललेलं नाही, फाँट तोच आहे. तक्रार करायची कुठे? ब्राउझर म्हणतो, मी हार्फबझ वापरतो. हार्फबझ म्हणतं, मी युनिकोडचा तक्ता पाळतो. युनिकोड म्हणतं, आम्ही तर केव्हाच सांगितलं होतं. प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे. मधल्या मध्ये मराठी संकेतस्थळांवर अ आणि चंद्र यांच्यामध्ये अदृश्य जोडक घातलेला सर्रास सापडतो. त्याने जोडी तुटते, तक्ता लागू होत नाही आणि वर्तुळ जातं. शोधाच्या दृष्टीने मात्र आता दोनऐवजी तीन लेखनं झाली, म्हणजे नियमाचा हेतूच उलटला.

माझं मत इथे लायब्ररीच्या बाजूने पूर्ण नाही. नवा मजकूर सुधारायला नियम योग्य. पण दाखवण्याच्या पातळीवर शिक्षा केली की ती जुन्या मजकुराच्या वाचकाला होते, लिहिणाऱ्याला नाही. सामायिक कोडमध्ये एका ओळीचा तक्ताही धोरण ठरतो, आणि तो ठरताना त्या भाषेचे वापरणारे खोलीत असतातच असं नाही.

वचन आणि त्याची किंमत

स्वीकाराचा इतिहास भराभर सांगतो. २०१२ मध्ये पँगो आला. २०१३ मध्ये झीटेक आणि लिनक्सवरचं लिबरऑफिस ४.१ आलं, या दोन्ही ठिकाणी खालिद होस्नी यांनी मोठं काम केलं. क्यूटी पाचव्या पिढीत आला. आयसीयूने २०१४ मध्ये आपलं लेआउट इंजिन मोडीत काढत असल्याचं जाहीर करून लोकांना हार्फबझकडे वळायला सांगितलं आणि २०१६ मध्ये ते काढूनच टाकलं. जुन्या एपीआयवर बेतलेले प्रोग्रॅम उघड्यावर पडू नयेत म्हणून हार्फबझच्या बाजूने आयसीयूसारखं तोंड असलेला एक पातळ थरही लिहून दिला गेला. प्रतिस्पर्धी लायब्ररी बंद होताना तिच्या वापरकर्त्यांसाठी पूल बांधून देणं फार कमी वेळा दिसतं. २०१७ मध्ये जावा ९ आली तीही हार्फबझ घेऊन.

हे सगळे एकाच कोडवर टिकले त्यामागे एक वचन आहे: एबीआय कधीही मोडणार नाही. म्हणजे काही वर्षांपूर्वी संकलित केलेला प्रोग्रॅम आजच्या लायब्ररीवर न बदलता चालला पाहिजे. आवृत्तीचा आकडा एकवरून दोन, तीन करत कितीही पुढे जावो, लिनक्सवरच्या फाइलच्या नावातला शेवटचा शून्य तसाच आहे. जुनी फंक्शनं बाद ठरतात, पण काढली जात नाहीत. डिस्ट्रो, म्हणजे डेबियनसारखं तयार बांधलेलं लिनक्स, चालवणाऱ्याला याचा अर्थ नेमका कळतो: सुरक्षेची दुरुस्ती आली की एक पॅकेज बदलायचं, शेकडो पॅकेजेस पुन्हा बांधायची नाहीत. डेबियनच्या धोरणात कोडच्या चिकटवलेल्या प्रती टाळा असं स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि असं वचन नसतं तर ते धोरण पाळणं अवघडच. फायरफॉक्स आणि क्रोम मात्र अजूनही आपल्या झाडात प्रत ठेवतात. फरक एवढाच की ती प्रत आता मूळ कोडशी नियमित जुळवली जाते.

किंमतही आहे. फ्रीटाइपचा आपोआप हिंटिंग करणारा, म्हणजे अक्षराचा आकार पडद्याच्या ठिपक्यांशी जुळवून घेणारा, भाग हार्फबझ वापरू लागला आणि हार्फबझ हवं असल्यास फ्रीटाइप वापरतं. दोघं एकमेकांवर अवलंबून. डिस्ट्रो बांधणाऱ्यांना आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप अशी प्रदक्षिणा घालावी लागे. मोठी किंमत जुन्या फाँटांनी मोजली. लिबरऑफिस ५.३ ने २०१७ मध्ये सगळ्या प्लॅटफॉर्मवर हार्फबझ आणलं तेव्हा टाइप १ या जुन्या स्वरूपाचे फाँट गेले. २०१९ मध्ये पँगो १.४४ ने फाँटची मापंही हार्फबझकडून घ्यायला सुरुवात केली आणि बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांनी काढलेले, व टाइप १ फाँट बाद झाले. टर्मिनलसाठी वर्षानुवर्षं बिटमॅप फाँट वापरणारे चिडले, आणि त्यांचा राग पूर्ण चुकीचा नव्हता. हार्फबझने तशी सक्ती केली नव्हती, निर्णय पँगोचा. पण सामायिक लायब्ररीची सीमा जिथे आखलेली असते तिथेच हळूहळू सगळ्यांची सीमा येऊन थांबते.

एक माणूस

कारभाराचा सर्वांत नाजूक भाग अजून तसाच आहे. बहुतेक निर्णयांवर एस्फाहबोद यांची छाप आहे. ते आधी रेड हॅटमध्ये होते, मग गूगलमध्ये, मग फेसबुकमध्ये. नोकऱ्या बदलल्या तरी लायब्ररी कुठल्याच कंपनीची झाली नाही, कारण लायसन्स आणि जागा दोन्ही आधीच तटस्थ होत्या. पुढे कोड गिटहबवर गेला तेव्हाही यात बदल झाला नाही. पण संस्था नाही, वर्गणी नाही, आणि मुख्य माणूस थांबला तर काय याचं लिहून ठेवलेलं उत्तर नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड या सुरक्षेच्या दोषाने ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीचे हाल जगापुढे आणले तेव्हा कंपन्यांनी लगबगीने निधी उभा केला. हार्फबझवर ती वेळ आली नाही. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांना धोका आधीच दिसत होता, गूगलच्या ओएसएस-फझसारख्या यंत्रणा या कोडवर रात्रंदिवस वेडावाकडा डेटा फेकत राहिल्या, आणि दुरुस्त्या करणारी माणसं त्यांच्याच पगारावर होती. याला धोरण म्हणायचं की नशीब, यावर दोन मतं होऊ शकतात. मी नशीब म्हणेन.

आता प्रश्न नव्या रूपात आला आहे. स्मृतीच्या चुका टाळण्यासाठी फाँटचा कोड रस्ट भाषेत हलवण्याची लाट आहे. क्रोमने फ्रीटाइपच्या जागी रस्टमध्ये लिहिलेलं स्क्रिफा घेतलं. हार्फबझचीही रस्टमधली रूपं आली: आधी बाहेरच्या एका विकसकाचं रस्टीबझ, मग हार्फबझच्याच छताखालचं हार्फरस्ट. म्हणजे एका इंजिनाची पुन्हा दोन झाली. फरक असा की या वेळी दोघांमध्ये समान आहेत त्या हार्फबझच्या चाचण्या. रस्टमधल्या रूपांनी आपली उत्तरं त्यांच्याशी पडताळली. पूर्वी यूनिस्क्राइबला जी खुर्ची दिली होती तिच्यावर आता हार्फबझ बसलं आहे, आपल्या बरोबर उत्तरांसकट आणि चुकांसकट. त्या चाचण्यांमध्ये मराठीचे शब्द किती आणि कुठले असावेत, हे अजूनही जो चाचणी लिहून पाठवेल तोच ठरवणार आहे.